मुंगीच्या घरची वाटणी

मुंगी हा प्राणी आम्हा शाळामास्तरांच्या फार उपयोगी पडतो. उद्योगाचा धडा शिकवायचा असो, काटकसरीचा असो की एकीचा, मुंगी हजर असते. हत्ती, सिंह, मोर ही मंडळी वर्गात येतात ती चित्रांतून. मुंगी मात्र फळ्याच्या कडेने, खडूच्या डब्यावरून, मुलांच्या शिदोरीतल्या गुळाच्या वासाने रोज सदेह येते आणि मास्तरांनी सांगितलेले सगळे सद्गुण मुलांच्या डोळ्यांदेखत करून दाखवते. वीस वर्षे मी तिच्याकडून असे फुकट काम करून घेतले. ‘‘पाहा, मुंग्या कशा एका वारुळात गुण्यागोविंदाने नांदतात! त्यांच्यात कधी वाटण्या होत नाहीत,’’ हे माझे ठरलेले वाक्य होते.

हे वाक्य म्हणताना माझा आवाज दर वर्षी थोडा खाली येई. ते मुलांच्या लक्षात आले नसेल; माझ्या येई. कारण आमच्या घरची वाटणी झालेली होती, आणि ती करणाऱ्यांत मी एक होतो.

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी भेटीला आला. तो नागपूरला प्राणिशास्त्र शिकतो. आम्ही ओट्यावर चहा घेत बसलो होतो आणि पायरीवरून काळ्या मुंगळ्यांची रांग चालली होती. सवयीने मी माझे वाक्य म्हणून गेलो. तो हसला आणि म्हणाला, ‘‘गुरुजी, मुंग्यांच्या पेशींत जेवढ्या वाटण्या झाल्या आहेत ना, तेवढ्या आपल्या साऱ्या भंडारा जिल्ह्यात झाल्या नसतील!’’

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. शास्त्राशी माझा संबंध पाठ्यपुस्तकापुरता. तेव्हा या विद्यार्थ्याने गुरू व्हावे आणि मी शिष्य, असे ठरले. त्याने घरातून सुतळी मागवली, कात्री मागवली, आणि पुढचे दोन तास मी जे शिकलो त्यातले मला उमगले तेवढे येथे सांगतो.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत त्याच्या घडणीचा सारा मजकूर असतो आणि तो लांबलचक धाग्यांवर लिहिलेला असतो. पेशी दुभंगायची वेळ आली म्हणजे हे धागे आखडून जाड होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. यांनाच गुणसूत्रे म्हणतात. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात. तेवीस आईकडून आलेली, तेवीस बापाकडून. आमच्या पायरीवरच्या मुंगळ्यांच्या रांगेत सगळ्या माद्याच होत्या. कामकरी मुंग्या म्हणजे राणीच्या लेकी. त्यांच्या पेशीत २० गुणसूत्रे. नराच्या पेशीत मात्र निम्मी, म्हणजे १०. कारण नर मुंगी फलन न झालेल्या अंड्यातून जन्मते. त्याला आजोबा असतो, बाप नसतो. त्याच्याजवळ जे काही आहे ते सारे आईचे. आंब्याच्या झाडावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या आपण पाहतो. त्यांच्या मादीत हीच संख्या १६ आणि नरात ८.

येथवर मला काही नवल वाटले नाही. जात वेगळी, आकडा वेगळा, एवढेच. पण त्याने पुढचे सांगितले तेव्हा मी चहाची कपबशी खाली ठेवली. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ क्रॉसलंड आणि क्रोझियर या दोन शास्त्रज्ञांना १९८६ साली एक अशी मुंगी आढळली की तिच्या मादीत गुणसूत्रे फक्त दोन, आणि नरात केवळ एक! सारे मुंगीपण एका धाग्यावर. त्या मुंगीला पुढे क्रॉसलंड यांचेच नाव मिळाले. उलट ब्राझीलच्या किनारी जंगलात डायनोपोनेरा नावाची इंचभर लांबीची मुंगी आहे, तिच्यात १२० पर्यंत गुणसूत्रे मोजली गेली आहेत. एकाच कुळातले हे प्राणी, आणि अंतर दोनपासून एकशेवीसपर्यंत! आजवर मुंग्यांच्या सातशेहून अधिक जातींची अशी मोजदाद झाली आहे, आणि इतकी तफावत फार थोड्या प्राणिकुळांत दिसते.

मी विचारले, ‘‘म्हणजे एकशेवीसवाली मुंगी दोनवालीपेक्षा साठपट शहाणी का रे?’’

‘‘नाही गुरुजी. दोघीही मुंग्याच. मजकूर जवळपास तेवढाच, बांधणी वेगळी.’’

कादंबरी लिहिणाऱ्याला हे लगेच पटते. महाभारताची अठरा पर्वे अठरा पोथ्यांत बांधा की एका जाडजूड ग्रंथात बांधा, युद्ध अठराच दिवस चालते. पोथ्यांच्या संख्येवरून व्यासांची थोरवी कोणी मोजत नाही.

या शोधात आपल्या मराठी मुलखाचाही वाटा आहे, हे ऐकून मला बरे वाटले. हिरोतामी इमाई नावाचे जपानी शास्त्रज्ञ मुंग्यांच्या गुणसूत्रांमागे सारा जन्म लागले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या मुंग्यांची जी पाहणी केली ती १९८४ साली जपानच्या एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांत देवडीकर आणि वैद्य ही दोन मराठी नावे आहेत. देवडीकर हे पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली उभी केलेली ती संस्था. आज ती आघारकरांच्याच नावाने ओळखली जाते. वारूळ दिसले की आपण वळसा घालून जातो. या माणसांनी मुंग्यांच्या अळ्या जपून आणल्या, त्यांचा राईच्या कणाहून लहान मेंदू वेगळा केला आणि त्यातल्या पेशींत धागे मोजले.

मोजण्याची युक्तीही ऐकण्यासारखी आहे. पेशी दुभंगण्याच्या ऐन क्षणी तिला थांबवावे लागते, तरच धागे नीट दिसतात. त्यासाठी कोल्चिसीन नावाचे विषारी द्रव्य वापरतात. हे द्रव्य आपल्या कळलावीच्या कंदातही असते. पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले मिरवणारी ती वेल. ती अंगणात लावली तर घरात भांडणे लागतात, घर फुटते, असा समज आहे. माझी आई ती दिसली की उपटून टाकीत असे. घरे फोडते म्हणून बदनाम झालेली ही वेल पेशीची वाटणी मात्र थांबवते! आमच्या घरी कळलावी कधीच नव्हती. वाटणी व्हायची ती झालीच.

आता प्रश्न असा की ही संख्या वाढते-घटते कशी? विद्यार्थ्याने सुतळीचा एक लांब तुकडा घेतला आणि मधोमध कापला. ‘‘अशी. एकाची दोन होतात. कधी दोन टोके जुळून पुन्हा एक होते.’’ इमाई यांचे म्हणणे असे की मुंग्यांच्या इतिहासात तुटण्याकडे कल अधिक आहे, आणि त्याला कारणही आहे. पेशीच्या केंद्रकाची जागा अगदी इवलीशी. तीत लांब लांब धागे असले की ते एकमेकांवर आदळतात, गुंततात, आणि सुटताना एकाचा तुकडा दुसऱ्याला चिकटतो. असा अदलाबदलीचा गोंधळ बहुधा घातक ठरतो. धागे आखूड झाले की टकरा कमी, नुकसान कमी. १९८६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही उपपत्ती गणितासह मांडली. ती सर्वांनी जशीच्या तशी मान्य केली असे नाही. तुटण्याप्रमाणे जुळण्याचीही उदाहरणे पुढे मिळत गेली, आणि ती एका धाग्याची ऑस्ट्रेलियन मुंगी तर जुळत जुळतच तेथवर पोचली असावी. तरीही ‘टकरा टाळण्यासाठी वेगळे होणे’ ही कल्पना माझ्या मनात रुतून बसली.

वाचकहो, आपल्याकडे वाटणीला पाप मानतात. भाऊ वेगळे झाले असे कोणी म्हणत नाही; घर ‘फुटले’ म्हणतात, जणू मडके फुटले. २०१४ साली बाबा गेल्यावर मी आणि दादाने वेगळे व्हायचे ठरवले तेव्हा गावातले जाणते लोक असे गप्प झाले की घरात दुसरे मरण झाले असावे. खरे तर आम्ही भांडलो नव्हतो. दोन चुली एका छपराखाली होत्या. बायकांची पाण्याच्या गुंडावरून आणि मुलांची अभ्यासाच्या जागेवरून रोज टक्कर होई, आणि त्या टकरींतून एकाचे दुःख दुसऱ्याच्या अंगाला चिकटे. आम्ही सहा एकर धानाची शेती वाटली. बांध्या मोजल्या, मध्ये नवा धुरा टाकला. आमच्या भंडाऱ्याची पितळेची भांडी. ती गंगाळे, पराती, गुंड ओट्यावर मांडून एक तुला, एक मला अशी वाटली. त्या रात्री मला झोप आली नाही. वडिलांनी जोडलेले आपण तोडले, हे ओझे पुढे कितीतरी वर्षे मी वाहिले. वर्गातले ते वाक्य म्हणजे त्याच ओझ्याचे प्रायश्चित्त होते.

मुंगीने ते ओझे बरेच हलके केले. तुटणे म्हणजे नासणे नव्हे, हे मला त्या सुतळीच्या दोन तुकड्यांत दिसले. आणि दुसरी एक गोष्ट दिसली ती अधिक सुंदर आहे. समजा, एखाद्या मुंगीला आईकडून अखंड धागा मिळाला आणि बापाकडून त्याच धाग्याचे दोन तुकडे. पुढची पिढी घडवताना धाग्यांना आपापल्या जोडीदाराशेजारी येऊन निजावे लागते. तेव्हा काय होते? विद्यार्थ्याने लांब सुतळी जमिनीवर ठेवली आणि दोन तुकडे तिच्या बाजूला टोकाला टोक लावून मांडले. ‘‘तिघे मिळून जोडी होते, गुरुजी. प्रत्येक तुकडा आपली जागा ओळखतो.’’ दर वेळी हे सुरळीत पार पडते असे नाही. पण पुष्कळदा पडते. दिवाळीला दादा आणि मी एका पंगतीला बसतो, धान कापणीला एकमेकांच्या बांधीत उतरतो, मंडईला दोन्ही घरची पोरे एकाच बैलगाडीतून जातात. धुरा बांधीत आहे, पंगतीत नाही. हे मला आधीच दिसायला हवे होते. दिसले ते सुतळीत.

मी समाधानाने म्हणालो, ‘‘म्हणजे वाटणीत काहीच वाईट नाही तर!’’

येथे माझा गुरू जरा थबकला. त्याने उरलेल्या सुतळीला मधोमध एक गाठ मारली. ‘‘गुरुजी, एक अट आहे. प्रत्येक गुणसूत्राला अशी एक मूठ असते. पेशी दुभंगताना दोन्ही बाजूंनी धागे येतात, ही मूठ पकडतात आणि गुणसूत्राला नव्या पेशीत ओढून नेतात. तुटायचे तर या मुठीतूनच तुटावे लागते, म्हणजे दोन्ही तुकड्यांना थोडी थोडी मूठ मिळते. भलतीकडे तुटले तर एक तुकडा मुठीशिवाय राहतो.’’

‘‘मग त्याचे काय होते?’’

‘‘त्याला कोणी ओढत नाही. तो मागे राहतो आणि हरवून जातो.’’

तो गेल्यावर मी सुतळीचे तुकडे उचलून ठेवले, पण ते वाक्य उचलून ठेवता येईना. कारण आमच्या घरी आम्ही भावंडे दोन नव्हतो, तीन होतो.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. १९९८ साली तिचे लग्न होऊन ती आमगावकडे गेली. तेव्हा आमगाव आमच्याच भंडारा जिल्ह्यात होते. पुढच्या वर्षी, १ मे १९९९ रोजी, जिल्ह्याचे दोन झाले, आणि ताई एक पाऊल न हलता गोंदिया जिल्ह्यात गेली. त्या वेळी आम्ही यावर हसलो होतो. जिल्हा दुभंगला खरा, पण त्या वाटणीत नव्या जिल्ह्याला कचेरी मिळाली, कलेक्टर मिळाला, म्हणजेच त्याला त्याची मूठ मिळाली. कागदावर रेघ ओढणारांनी तेवढी काळजी घेतली होती. आम्ही घेतली नाही.

२००५ सालच्या दुरुस्तीपासून कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. हे मला ठाऊक होते. शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला मी ते शिकवतही असे. तरीही सातबारावरून ताईचे नाव कमी करण्यासाठी हक्कसोडपत्र तयार झाले तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही. सगळीकडे असेच करतात. बहिणीने हक्क सोडायचा, भावाने साडी घ्यायची, माहेर शाबूत राहायचे, अशी ही रीत. ताई आली, तिने सही केली, दुपारी पाटवड्यांची भाजी खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. त्या भाऊबिजेला मी तिला नेहमीपेक्षा भारी साडी नेली. एवढ्यावर माझे मन शांत होते. जे ओझे मी वाहिले ते दादापासून वेगळे झाल्याचे. ताईचे ओझे मला कधी जाणवलेच नाही. चुकीच्या पापासाठी मी इतकी वर्षे प्रायश्चित्त घेत होतो.

कोणी म्हणेल, मास्तर, हे सारे मुंगीवरून काढायची काय गरज? आणि ही शंका रास्त आहे. निसर्गाला गुरू करणे धोक्याचे असते. अमेरिकेत ज्या अग्निमुंग्यांचा फार अभ्यास झाला, त्यांच्यात असे एक गुणसूत्र आहे की वारुळात राणी एक असावी की अनेक, हे त्याच्या घडणीवर ठरते, असे २०१३ साली शास्त्रज्ञांनी दाखवले. अनेक राण्यांच्या वारुळात विशिष्ट घडण नसलेली राणी अंडी घालू लागली की कामकरी मुंग्या तिला ठार करतात. मुंगी करते ते माणसाने करावे, असे म्हणणाऱ्याने हेही करावे काय? जन्माची खूण पाहून माणसे मारण्याचे धंदे जगात आधीच पुष्कळ झाले आहेत. त्यांना मुंगीची साक्ष नको.

मुंगी मला काही शिकवायला आलेली नाही. ती गूळ न्यायला आली आहे. तिच्या धाग्याचा तुकडा मुठीशिवाय राहिला तर त्यात तिचा दोष नाही. तेथे कोणी ठरवणारा नसतो. आमच्या घरी ठरवणारे होते. आम्ही दोघे ओट्यावर बसून पराती मोजत होतो आणि तिसरे माणूस आत आमच्यासाठी चहा करीत होते. नीती आणि निसर्ग यांच्यामधला धुरा मला येथे दिसतो. जे आपोआप होते त्याला पाप-पुण्य नाही. जे ‘असेच करतात’ म्हणून आपण आपोआप झाल्यासारखे करतो, त्याला आहे.

म्हणून वाटणी बरी की वाईट, हा प्रश्नच मला आता अर्धवट वाटतो. तुकडे किती झाले याला महत्त्व नाही. मुंगी दोनातही जगते आणि एकशेवीसातही. विचारायचे ते एवढेच, की प्रत्येक तुकड्याच्या हाती मूठ आली का? आणि एकत्र नांदणाऱ्या घरालाही हाच प्रश्न विचारावा. एका छपराखाली दहा माणसे जेवतात आणि त्यांतल्या एकीच्या नावावर काहीच नाही, कोणत्या गोष्टीत तिचा शब्दही नाही, त्या घराची एकी मला आता वर्गात सांगण्याजोगी वाटत नाही. आणि ज्या वारुळाची एकी मी मुलांना दाखवीत आलो, ते सारे वारूळ लेकींचे असते, हे तर मी मुलांना कधी सांगितलेच नव्हते.

गेल्या भाऊबिजेला, या सुतळीच्या प्रकरणानंतर चारच दिवसांनी, मी ताईकडे गेलो होतो. ओवाळून झाले. जावई बाहेर गेले होते. मी धीर करून विचारले, ‘‘ताई, तू तेव्हा सही का केलीस?’’

ती तबकातली वात नीट करीत होती. वर न पाहता म्हणाली, ‘‘तू मले इचारलं कुठं रे? कागद समोर ठेवला, बोट दाखवलं, म्हणला, ताई इथं सही कर. मी केली.’’

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिले असते.

मग तिने मला घरच्या धानाचे पोहे आणि गूळ बांधून दिला. दरवर्षी देते. एसटीत बसल्यावर माझ्या ध्यानात आले की इतक्या वर्षांत तिने आमच्या घरून काही मागितले नव्हते आणि काही नेलेही नव्हते. जे नेले ते मीच, पुडक्यात बांधून.

दादाशी मी बोललो आहे. तो ऐकून घेतो आणि गप्प बसतो. त्याच्या वाट्याचे उत्तर त्याने द्यायचे. ते मी येथे लिहिणे बरे नाही. माझ्या वाट्याला आलेल्या बांध्यांपैकी बोडीकाठच्या दोन बांध्या चांगल्या पाण्याच्या आहेत. त्या बाबांनी ताईच्या जन्माच्या वर्षी बांधल्या असे आई सांगत असे.

या भाऊबिजेला मी पुन्हा आमगावकडे जाणार आहे. वकिलाने कागद कसा करायचा ते सांगितले आहे, पण या खेपेला हातात कागद नेणार नाही. आधी विचारणार आहे.